न सरकलेला डाग

ठिणगीला खोली हवी होती. दार असलेली. मागणी एवढीच, पण घरात ती कुणी मनावर घेईल तर शपथ.

सोळावं सरून दोन महिने झाले होते. वक्तृत्वात ती शाळेतून पहिली आली होती, केस मानेपर्यंत कापून घेतले होते, आरशात बघून स्वतःलाच शाबासकी द्यायची सवय लागली होती. आणि अशा या कर्तबगार मुलीने झोपायचं कुठे? तर आईचं शिवणयंत्र आणि जुनं कपाट यांच्या मधल्या बोळकांडीत. कूस बदलली की गुडघा यंत्राला लागायचा आणि स्वप्न अर्ध्यात तुटायचं. वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून एक खोली होती. तिला दार होतं, दाराला कडी होती, खिडकीतून निम्मं आकाश दिसायचं. पण त्या खोलीत काका होते.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची वेळ नीट करता करता स्वतःची कधी निघून गेली ते त्यांना कळलं नाही. दुकान बंद झालं तसे एक ट्रंक, एक भिंग आणि एक दुर्बीण घेऊन धाकट्या भावाकडे आले, त्याला आठ वर्षं झाली. लग्न केलं नव्हतं. "केलंय की, सूर्याशी," असं आई म्हणायची, आणि भाऊजींच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणायची.

दुर्बीण सूर्यासाठीच होती. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला काका ती गच्चीत मांडायचे. सूर्याकडे तिच्यातून थेट बघायचं नाही, डोळा कायमचा जातो. तिच्यामागे पुठ्ठ्याचं खोकं, खोक्यात पांढरा कागद, कागदावर आधीच आखलेलं वर्तुळ. सूर्य त्या वर्तुळात अलगद येऊन बसायचा, धुतलेल्या बशीसारखा. बशीवर काळे डाग असायचे. काका ते पेन्सिलीने जागच्या जागी टिपायचे. मग डागांचे गट मोजायचे, त्याला दहाने गुणायचं, वर सुटे डाग मिळवायचे, की झाला त्या दिवसाचा आकडा.

"म्हणजे एकच डाग असला तर एक गट आणि एक डाग, अकरा?" लहानपणी ठिणगीने विचारलं होतं. "एका तिळाचे अकरा?"

"तुझ्या तोंडात गोष्ट पडली की होतात ना अकरा? तसंच," काका म्हणाले होते.

महिनाअखेरीस हे आकडे केंद्राकडे जायचे. दूरच्या शहरातली ती एक लहानशी कचेरी. तिथे काकांसारख्या शंभरेक हौशी माणसांचे आकडे गोळा व्हायचे. प्रत्येकाचा डोळा निराळा, दुर्बीण निराळी, म्हणून केंद्राने प्रत्येकाला एक गुणक दिलेला. त्याने गुणलं की ज्याचे त्याचे आकडे बाकीच्यांशी जुळायचे. कमी दिसलं तरी चालेल, जास्त दिसलं तरी चालेल, रोज सारखंच दिसलं पाहिजे. काकांचा गुणक एकतीस वर्षांत केसभरही हलला नव्हता. त्यांच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि ते त्यांनी कधी मिरवलं नव्हतं.

वहीचा नियमही कडक. सूर्य कोरा दिसला तर शून्य. ढग असले तर रेघ. "न बघता शून्य लिहिणं ही थाप," काका म्हणायचे. "ज्यानं बघितलं नाही, त्यानं रेघ ओढावी आणि गप्प बसावं."

आणखी एक गोष्ट ते सांगायचे, आवाज उतरवून, जणू सूर्य ऐकेल. कधी तरी, डागांच्या मोठ्या गटावर एकदम पांढरा लोळ उठतो. सूर्याहून पांढरा. एरवी असले लोळ साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत, पण लाखात एखादा कागदावरसुद्धा दिसतो. पाच मिनिटं, फार तर दहा. "एकतीस वर्षं वाट बघतोय, ठिणगे. एकदाही नाही. तुला दिसला तर मला हाक मार. मी जेवत असलो तरी मार. मेलो असलो तरी मार."

तर खोलीचं असं झालं होतं, की बाबांनी त्यावर एक तोडगा ऐकवून ठेवला होता. "दादांना पायऱ्या झेपत नाहीत आता. पण केंद्राला त्यांचे आकडे हवेत तोवर काय बोलणार? ते काम सुटलं की ते खाली येतील, तू वर जा."

ते काम काही सुटत नव्हतं. खरं तर ते वर्षापूर्वीच सुटायला हवं होतं, आणि हे फक्त ठिणगीला माहीत होतं.

काकांना मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाका. काकांनी साफ नकार दिला. बाबांना वाटलं म्हातारा घाबरला. घाबरले होतेच, पण सुरीला नाही. डोळ्यातलं भिंग बदललं की नजर बदलणार, नजर बदलली की गुणक बदलणार. एकतीस वर्षांची सलग ओळ तिथे तुटणार. म्हणून या शहाण्या माणसाने काय करावं? डोळा बदलायचा नाही म्हणून दुसऱ्याचा डोळा उसना घेतला. ठिणगीचा.

"मला आधी दिसायचे तेवढेच सांग," त्यांनी तिला शिकवलं. "अगदी सुईच्या टोकाएवढे असतील ते सोड. ते मला कधीच दिसले नाहीत." महिनाभर जुनी चित्रं समोर ठेवून त्यांनी तिची नजर घासूनपुसून आपल्यासारखी केली. मग रोज दुपारच्या शाळेआधी ती खोक्याशी वाकून बोट ठेवायची, काका तिथे ठिपका काढायचे. केंद्राचा नियम होता की बघणारा एकच हवा, मदत नको. काकांनी तो मोडला आणि कुणाला सांगितलं नाही. गुणक हलला नाही. इतकी ती त्यांच्यासारखी बघायला शिकली होती.

मग एका शनिवारी ठिणगीने एका संध्याकाळपुरती खोली मागितली. वक्तृत्वाच्या बक्षिसाबद्दल तिच्या चार मैत्रिणी येणार होत्या.

"वर दुर्बीण आहे," काका म्हणाले. "पोरींचा धुडगूस नको तिथे."

"धुडगूस नाही हो, गप्पा मारणार आहोत."

"गप्पा मारायला छप्पर लागत नाही. आणि बक्षीस मिळालंय ते बोलण्याचं. बोलायला काय, पोपटही बोलतो."

हे ते हसून म्हणाले. दारात मैत्रिणींपैकी दोघी लवकर येऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या. सोमवारी वर्गात पाठीमागून कुणी तरी "विठू विठू" केलं आणि आठवडाभर ते चाललं. ठिणगीने हसून दाखवलं. पण मनात एक कळ फिरली ती फिरलीच.

त्या मंगळवारी तिने पहिला डाग काढला. म्हणजे काढला काकांनीच, तिने फक्त बोट ठेवलं.

"इथे एक. एकटाच."

"नवा?"

"नवा."

काकांनी ठिपका काढला. नवा गट, नवा डाग, अकरा वाढले. इतकं सोपं! तिला वाटलं होतं छातीत धडधडेल. धडधडलं नाही, उलट गंमत वाटली. आंधळ्या माणसाला पायरी नसलेल्या जागी "पायरी आहे" म्हणावं आणि त्याने जपून पाय उचलावा, तशी गंमत. आणि ठिणगी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. सूर्य स्वतःभोवती फिरतो, डाग एका कडेने येतो आणि दोनेक आठवड्यांनी दुसऱ्या कडेला बुडतो, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. आपले डाग ती रोज बोटभर पुढे सरकवायची. काही डाग वाढवायची, काही विरवायची. एकाला तर तिने पिल्लंही दिली.

आकडे तीच संगणकावर भरून पाठवायची. पहिला महिना गेला. केंद्राकडून चौकशी आली, दुर्बीण बदलली का? काकांनी उत्तर सांगितलं, "नाही," आणि तिने ते मान खाली घालून टंकलं.

"जास्त दिसतायत का गं तुला?" काकांनी त्या दिवशी विचारलं.

"सूर्यच जास्त चेकाळलाय, काका. मी काय करू?"

"हं. असेल." आणि जरा खुशीत म्हणाले, "चेकाळू दे. कदाचित लोळ उठेल."

दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती स्पर्धेसाठी तीन दिवस परगावी गेली. तिथेही पहिली आली. परतली ती ढाल घेऊन, घसा बसलेला, डोळ्यांत झोप, डोक्यात टाळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीत खोक्याशी वाकली आणि आपला लाडका डाग तिने जिथे सोडला होता तिथेच परत ठेवला.

"इथे?" काकांनी विचारलं.

"हो, तिथेच."

काकांनी दुर्बिणीच्या नळीवर टिचकी मारली. ही त्यांची जुनी परीक्षा. कागदावरची घाण असेल तर ती जागची हलत नाही, सूर्यावरचा डाग सूर्याबरोबर थरथरतो. "हलतो?"

"हलतो."

"नक्की?"

"काका, माझे डोळे सोळा वर्षांचे आहेत."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्या डोळ्यांना तिचा चेहरा कितपत दिसत होता देव जाणे. मग त्यांनी पेन्सिल टेकवली आणि ठिपका काढला, गोल, रेखीव. ठिणगी शाळेत गेली, ढाल दाखवली, टाळ्या घेतल्या.

पुढच्या महिन्यात केंद्राचं पत्र आलं. बाबांनी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण काकांना फोनवरची अक्षरं लागत नव्हती. केंद्रातल्या बाईंनी फार गोड लिहिलं होतं. दोन महिने तुमचे आकडे कुणाशीच जुळत नाहीत. वयोमानाने असं होतं. या दुर्बिणीच्या नोंदी आम्ही यापुढे घेणार नाही. एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार.

"बरंच झालं, दादा," बाबा म्हणाले. "किती दिवस उन्हात तडफडणार?"

"पडद्याचं माप घ्यायला हवं वरच्या," आई म्हणाली.

काकांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्याच उतरतो."

ठिणगीच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, की त्या रात्री तिला पोळी गोड लागली नाही. पण खोली गोड लागली. तिने कडी लावली, काढली, परत लावली. काका खाली बोळकांडीत, यंत्राशेजारी. दुर्बीण त्यांनी वरच ठेवली. "असू दे. मला आता काय करायचीय?" आणि डोळ्याच्या शस्त्रक्रियेचं बाबांनी परत काढलं तर म्हणाले, "आता कशाला? बघायचं काय राहिलंय?"

वह्याही वरच राहिल्या. एका दुपारी तिने सहज शेवटची उघडली. स्पर्धेहून परतली त्या दिवसाचं चित्र समोर आलं. तिच्या डागाला काकांनी बारीक वर्तुळ केलं होतं आणि खाली, घड्याळाच्या तबकडीवर लिहावं तशा अक्षरात, लिहिलं होतं: "चार दिवसांत जागचा सरकला नाही. सूर्यावरचा नव्हे."

ती खाली धावली. काका आईच्या भिंतीवरच्या घड्याळाशी खुडबुडत होते.

"तुम्हाला कळलं होतं!"

"हं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? बाई विचारणार, तुम्ही स्वतः बघत नव्हता का? मग गेलं सगळं वर्ष खोडायला लागलं असतं. त्यातलं तुझं खरं होतं तेसुद्धा." त्यांनी चिमट्याने एक चाक उचललं. "चोराला चोर म्हणायला तोंड लागतं, ठिणगे. माझ्याजवळ नव्हतं."

"मला ओरडा तरी!"

"खोली बरी आहे ना? वारा येतो ना?"

तिने मनात माफीचं भाषण रचलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट, सगळं. ते तिथेच राहिलं. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी तोंड मिटून जिना चढली.

त्यानंतर ती रोज दहाला दुर्बीण मांडू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. आकडे कुणाला हवे नव्हते. ती नुसती बघायची. लिहीत मात्र नव्हती.

तीन महिन्यांनी, अभ्यासाच्या सुट्टीत, सूर्यावर एक गट आला तो असा, की कागदावर शाई सांडल्यासारखा. एवढा मोठा तिने कधीच पाहिला नव्हता. तो बोट बोट सरकत मध्यावर आला. आणि त्या सकाळी, दहा वाजून वीस मिनिटांनी, त्या काळ्या पसाऱ्यावर दोन पांढरे मणी पेटले.

तिने टिचकी मारली. थरथरले. दुर्बीण सोडून दिली, सूर्य सरकू दिला. मणी सूर्याबरोबर सरकले. कागद बदलला. मणी होतेच, आणि लांबत होते. इतके पांढरे, की मोतीबिंदूतूनसुद्धा दिसले असते.

"काका!" ती बावीस पायऱ्या उतरली की पडली तिलाच कळलं नाही. "काका, लोळ! पांढरा लोळ! चला, चला ना, उठा!"

काका यंत्राच्या टेबलाशी बसले होते, डोळ्याला भिंग, हातात कुणाचं तरी मनगटी घड्याळ. त्यांनी मान वर केली नाही.

"किती?"

"दोन! गटाच्या बरोबर वर. काका, वेळ नाहीये!"

"हलतो का?"

"हलतात! सगळं करून बघितलं, टिचकी मारली, सूर्य सरकवला. तुम्ही म्हणाला होतात ना, मेलो असलो तरी हाक मार म्हणून!"

"तेव्हा तू लहान होतीस." ते शांतपणे म्हणाले. "पोपट छान बोलतो."

"काका, शप्पथ. आईची शप्पथ!"

"ए बये, माझी कसली शपथ घेतेस?" आई आतून ओरडली. "आणि भाऊजींना काय वर चढवतेस? गुडघे मोडायचेत का त्यांचे? अभ्यास कर जा!"

ठिणगीने त्यांचा हात धरून ओढला. घड्याळ हातातून निसटलं, चाकं जमिनीवर विखुरली. काका खाली वाकले, एकेक चाक चाचपून गोळा करू लागले. ती रडत होती, आणि तिला कळत होतं की रडणंसुद्धा तिने स्पर्धेत दोनदा वापरलं आहे, आणि काकांना ते माहीत आहे.

"डाग दाखवलेस तेव्हा मी टिपले," जमिनीवरूनच ते म्हणाले. "आता लोळ दाखवतेस. उद्या काय दाखवणार? जा. एकटीने बघ. बघायला तुझे डोळे आहेत ना, सोळा वर्षांचे?"

ती परत वर धावली. एक मणी उरला होता, धुगधुगता. ती कागदावर वाकली तेवढ्यात तोही विझला. काळा गट तसाच राहिला, काही झालंच नाही असा.

तिने लगेच केंद्राला लिहिलं. वेळ, जागा, आकार, सगळं. दुपारीच उत्तर आलं, त्याच गोड बाईंचं. या दुर्बिणीच्या नोंदी आम्ही स्वीकारत नाही. कृपया पुन्हा पाठवू नये.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. बाबांनीच चहा पिताना वाचली. काल सकाळी सूर्यावर प्रचंड लोळ उठला, समुद्रावरच्या जहाजांचे रेडिओ तासभर बंद पडले, काही भाग्यवान हौशी लोकांना तो साध्या दुर्बिणीतून कागदावर दिसला. वेळ दहा वाजून वीस मिनिटं.

"अरेच्चा! दादा, कार्टी खरं बोलत होती की!" बाबा खदखदून हसले. "हुकला म्हणायचा तुमचा मुहूर्त!"

काकांनी हातातली बशी खाली टेकवली. मग विचारलं, "दोनच होते?"

"दोन," ठिणगी म्हणाली. "मग लांबले."

"कडा कशी होती? मऊ की धारदार?"

"धारदार. कापल्यासारखी."

"हं." त्यांनी डोळे मिटले, जणू कागदावर ते मांडून बघत होते. चित्र बसलं नसावं. "किती वेळ?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "निम्मा वेळ मी खाली होते."

काकांनी मान हलवली. "वही आण माझी. आणि पट्टी."

तिने उड्या मारत वही आणली. छातीत धडधडत होतं, त्या मंगळवारी धडधडायला हवं होतं तसं. काका लिहिणार. त्यांच्या वहीत, त्यांच्या अक्षरात. तिने पान उघडून दिलं, कालची तारीख घालून दिली, जागा बोटाने दाखवली.

काकांनी तिचं बोट बाजूला केलं. पट्टी ठेवली आणि कालच्या तारखेपुढे एक सरळ रेघ ओढली.

"भाऊजी, काल ढग कुठे होते?" आई म्हणाली. "कपडे तासात वाळले."

"ज्यानं बघितलं नाही, त्याची रेघ."

"पण मी बघितलं!" ठिणगी ओरडली. "मी बघितलं ना, काका!"

"मग तुझ्या वहीत लिही."

"माझी वही नाहीये."

"मग राहिलं," काका म्हणाले. त्यांनी वही मिटली, डोळ्याला भिंग लावलं, आणि काल सापडलं नव्हतं ते एक चाक शोधायला टेबलाखाली वाकले. ठिणगीला बसल्या जागेवरून ते चाक दिसत होतं, यंत्राच्या पायाशी चकाकत. तिने बोट उचललं. "तिथे आहे, काका. यंत्रापाशी."

काका दुसऱ्याच बाजूला चाचपत राहिले.